बाकावरचे बिऱ्हाडकरू आणि टाकीतला चोर



शाळेच्या बाकावर जिवाणू असतात का? असतात. दाराच्या कडीवर असतात, फळा पुसायच्या डस्टरवर असतात, बसायच्या पट्टीवर असतात, नळाच्या तोटीवर असतात. मुलांच्या दप्तरावर, गुरुजींच्या खुर्चीवर आणि हा अंक धरलेल्या तुमच्या बोटांवरसुद्धा असतात. एवढेच सांगून थांबलो, तर आयाबायांनी पोरांना शाळेत धाडणेच बंद करावे! म्हणून पुढचे तीन प्रश्न विचारले पाहिजेत. हे जिवाणू कोणते? ते आले कुठून? आणि तिथून जातात कुठे?

भातात किडा दिसला की जाणता शेतकरी लगेच पंप पाठीला लावत नाही. तो आधी पाहतो, हा पाने खाणारा आहे की मावा खाणारा ढालकिडा आहे. शत्रू असेल तर उपाय, मित्र असेल तर अभय. जिवाणूंच्या बाबतीत मात्र आपण सगळ्यांना एकाच काठीने हाणतो. आज वर्गातल्या जिवाणूंची ओळख करून घेऊ. ही ओळख पटली तर दोन गोष्टी साधतील. नको तिथली भीती जाईल, आणि हवी तिथे सावधगिरी येईल.

डोळ्यांना न दिसणारा कसा पाहायचा?

जिवाणू फार लहान. एका मिलिमीटरच्या रेघेवर पाचशे ते हजार जिवाणू सहज ओळीने बसतील. नुसत्या डोळ्यांनी तो दिसणे शक्य नाही. पण एका जिवाणूला खायला दिले, ऊब दिली, ओल दिली, की तो दुभंगून दोन होतो, दोनाचे चार होतात. काही जातींना सगळे मनासारखे मिळाले तर दर वीस मिनिटांनी दुप्पट होतात. हिशेब करून पाहा. रात्रीच्या दहा तासांत तीस वेळा दुप्पट, म्हणजे एकाचे सुमारे १०७ कोटी! सावकाराचे चक्रवाढ व्याजही यापुढे लाजेल. अर्थात खाणे संपते, जागा संपते, म्हणून वाढ थांबते. पण तोवर त्यांचा टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका तयार झालेला असतो आणि तो आपल्याला दिसतो. या ठिपक्याला वसाहत म्हणतात.

ही वसाहत वाढवायला घट्ट खाद्य लागते. जर्मनीतील रॉबर्ट कॉख या शास्त्रज्ञाने सुरुवातीला उकडलेल्या बटाट्याचे काप वापरले. पुढे जिलेटिन आले, पण ते उबेला वितळायचे. १८८१ साली ही अडचण सोडवली ती एका गृहिणीने. कॉख यांच्याकडे काम करणारे डॉ. हेस यांच्या पत्नी फॅनी हेस स्वयंपाकघरात मुरंबे आणि जेली घट्ट करायला समुद्री शेवाळापासूनचे अगर वापरत. ते उन्हाळ्यातही पातळ होत नसे. त्यांनी ते नवऱ्याला सुचवले. आपल्याकडे वाण्याच्या दुकानात चायना ग्रास म्हणून मिळते तेच हे. आज जगभरच्या प्रयोगशाळांत जिवाणू अगरावरच वाढवतात. १८८७ साली पेट्री नावाच्या शास्त्रज्ञाने झाकणाची चपटी काचेची बशी काढली. तिला अजून पेट्री बशीच म्हणतात.

बाकावर कोण राहतो?

ओला कापूस बाकावर फिरवून तो अशा बशीवर हलकेच टेकवला आणि बशी दोन दिवस उबेला ठेवली, की ठिपके उमटतात. विज्ञान प्रदर्शनांत मुले हा प्रयोग मोठ्या हौसेने मांडतात. त्या ठिपक्यांत साधारणपणे पुढील मंडळी भेटतात.

पांढरे, गोल, चकचकीत ठिपके बहुधा आपल्या कातडीवरच्या स्टॅफिलोकॉकस जिवाणूंचे. सूक्ष्मदर्शकाखाली हे द्राक्षाच्या घडासारखे दिसतात. म्हणूनच १८८२ साली अलेक्झांडर ऑगस्टन या शल्यविशारदाने त्यांना द्राक्षघडाचे ग्रीक नाव दिले. यांतली कातडीवर नांदणारी नेहमीची जात सुदृढ माणसाला सहसा त्रास देत नाही. उलट जागा अडवून बसल्यामुळे परक्याला सहज शिरकाव मिळत नाही. बांधावर हरळी दाट असली की दुसरे तण उगवायला जागा मिळत नाही, तसेच हे.

पिवळेधमक ठिपके बहुधा मायक्रोकॉकसचे. हाही कातडीवरचा आणि धुळीतला, गरीब स्वभावाचा.

मळकट पांढरे, सुरकुतलेले, कडेने पसरत गेलेले ठिपके बॅसिलसचे असू शकतात. हा मातीतला आणि गवतातला. वाळलेले गवत पाण्यात उकळून ठेवले तरी हा त्यातून पुन्हा उगवतो, कारण तो कठीण कवचाचे बीज करून बसतो. त्याच्या एका जातीला इंग्रजीत गवताचा जिवाणू असेच म्हणतात. शेतावरून आलेल्या पायांबरोबर तो वर्गात येणारच.

कापसासारखे लवदार, हिरवे-काळे डाग मात्र जिवाणूंचे नव्हेत, ती बुरशी. आपल्या ताम्हिणीकडच्या पावसात बसायच्या पट्ट्या आषाढ-श्रावणात कधी पुरत्या वाळत नाहीत, तेव्हा ही पाहुणी जास्त दिसते.

थोडक्यात, बाकावर राहतात ते बरेचसे आपल्याच अंगावरचे आणि आपल्याच मातीतले बिऱ्हाडकरू. बशी भरून ठिपके उगवले म्हणजे बाक विषारी झाला, असे नाही.

रंगावरून नव्हे, कामावरून ओळख

पण एक सावधगिरी. नुसत्या रंगावरून निकाल देऊ नये. मघाच्या द्राक्षघडांतच एक सोनेरी जात आहे. सुमारे दहांतल्या तीन निरोगी माणसांच्या नाकात ती मुक्कामाला असते. पण जखमेत शिरली तर गळू करते, आणि शिजवलेल्या अन्नात वाढली तर वांत्या करवते. गाईला होणारा कासदाह, ज्याला आपण दगडी म्हणतो, तो होण्याच्या कारणांतही हीच जात आहे आणि धार काढणाऱ्याच्या हातावरून ती एका सडावरून दुसऱ्यावर जाते. तेव्हा हात धुण्याचा धडा शाळेइतकाच गोठ्यालाही लागू आहे.

मग शास्त्रज्ञ ओळख पटवतात कशी? आपण लुगडे घेताना पाहतो ना, रंग पक्का की कच्चा? तशीच परीक्षा १८८४ साली ग्रॅम नावाच्या डॅनिश डॉक्टरने काढली. काचपट्टीवर जिवाणू पसरून त्यांना जांभळा रंग द्यायचा, त्यावर आयोडीन टाकायचे, मग अल्कोहोलने धुवायचे, आणि शेवटी लाल रंग द्यायचा. ज्यांची भिंत जाड, ते जांभळा रंग सोडत नाहीत. ज्यांची भिंत पातळ, त्यांचा जांभळा रंग धुऊन जातो आणि ते गुलाबी दिसतात. द्राक्षघडवाले आणि गवतवाले जांभळे राहतात. आतड्यात राहणारे इ. कोलाय, विषमज्वराचे साल्मोनेला हे गुलाबी होतात. एका रंगकामात निम्मी वाटणी झाली!

यापुढची परीक्षा आणखी गमतीची. आतड्यात राहणाऱ्याला पित्त सोसावे लागते. म्हणून बशीतल्या खाद्यात पित्ताचे क्षार मिसळले की कातडीवरचे आणि मातीतले बहुतेक जिवाणू मागे हटतात, आतड्यातले तगतात. त्याच खाद्यात दुधातली साखर आणि रंग बदलणारे द्रव्य घालतात. इ. कोलाय ही साखर आंबवतो आणि त्याचे ठिपके गुलाबी होतात. म्हणजे जिवाणूला विचारायचे, ‘बाबा, तू काय खातोस, काय सोसतोस?’ त्यावरून त्याचे गाव कळते.

आता तर जिवाणूच्या पेशीतला वंशलेख वाचूनच जात ठरवतात. आपल्या जमिनीचा सातबारा असावा तसा हा लेख. याची मोठी केंद्रे आपल्या शेजारी पुण्यातच आहेत. पौडहून निघून चांदणी चौक गाठला की डाव्या हाताला पाषाणचा भाग राहतो. तिथल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत उद्योगाला उपयोगी पडणारे जिवाणू नावनिशीवार जपून ठेवले आहेत. पुण्यातच जिवाणूंचा आणखी एक मोठा राष्ट्रीय संग्रह आहे, तिथे ओळख न पटलेल्या जिवाणूंची नावे निश्चित करून दिली जातात. बियाण्यांची जशी पेढी, तशी ही जिवाणूंची पेढी.

दिसायला स्वच्छ, आत चोर

तालुक्यातल्या एका शाळेत चार बशा मांडल्या होत्या. बाक, दाराची कडी, डस्टर आणि पिण्याच्या पाण्याचा नळ. बाकाची आणि कडीची बशी ठिपक्यांनी भरून गेलेली, नळाच्या बशीत मोजून पाच-सहा ठिपके. पाहायला आलेल्या एक मावशी म्हणाल्या, “साहेब, बाकच बदलून टाका की! नळ तर चांगला दिसतोय.” आणखी एक जण हलकेच बोलले, “कातकरवाडीची पोरं त्या बाकावर बसत्यात, म्हणून आसंल.”

या दोन्ही बोलण्यांचा निवाडा शास्त्रानेच केलेला बरा.

पहिली गोष्ट पाण्याची. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेतील मांजा, मौर्य आणि राव या तीन भारतीय शास्त्रज्ञांनी १९८२ साली एक स्वस्त आणि सोपी तपासणी प्रसिद्ध केली. छोट्या बाटलीत औषध लावलेली कागदाची पट्टी असते. खुणेपर्यंत पाणी भरायचे, झाकण लावायचे आणि एक-दोन दिवस उबेला ठेवायचे. पाण्यात विष्ठेबरोबर येणारे जिवाणू असतील तर त्यांतले बरेचसे सडक्या अंड्याच्या वासाचा वायू सोडतात. तो औषधातल्या लोहाशी मिळाला की बाटली काळीकुट्ट होते. सूक्ष्मदर्शक नको, वीज नको. पाणी काळे झाले म्हणजे ते पिऊ नये आणि पुढील तपासणीला प्रयोगशाळेत पाठवावे, एवढे कळले तरी पुरे.

त्या शाळेच्या टाकीचे पाणी या बाटलीत भरले. दुसऱ्या दिवशी बाटली काळी झाली! वर चढून पाहिले तर टाकीचे झाकण फुटलेले, आत पाला आणि पाखरांची घाण. बाकावरचे हजारो बिऱ्हाडकरू निरुपद्रवी निघाले आणि स्वच्छ दिसणाऱ्या नळामागे चोर सापडला. टाकी घासून धुतली, नवे झाकण बसवले, टीसीएल पावडर टाकली. पुढच्या वेळी बाटली काळी झाली नाही.

दुसरी गोष्ट कातकरवाडीच्या पोरांची. गुरुजींनी शहाणपणाचे काम केले. वर्गातल्या सगळ्या मुलांची बोटे, त्यांत पाटलांची, कातकऱ्यांची, स्वतः गुरुजींचीही, वेगवेगळ्या बशांवर टेकवून घेतली. बशांवर नावे न घालता फक्त आकडे घातले. दोन दिवसांनी पालकांना बोलावून विचारले, सांगा यातली कुणाची कोणती? कुणालाही ओळखता आले नाही. सगळ्या बशांत तीच पांढरी आणि पिवळी मंडळी! फरक दिसला तो एकच, साबणाने हात धुतलेल्यांच्या आणि न धुतलेल्यांच्या बशांत.

माणसाला दोष देण्याआधी वाट शोधावी, हे आपल्या पुण्याने फार मोठी किंमत देऊन पाहिले आहे. १८९७ साली पुण्यात प्लेगची साथ होती. घरे झडत होती, माणसे उचलून छावण्यांत नेली जात होती, शेजारी शेजाऱ्याला भीत होता. प्लेगचा जिवाणू १८९४ सालीच हाँगकाँगमध्ये ओळखला गेला होता, पण तो येतो कोणत्या वाटेने हे ठाऊक नव्हते. १८९८ साली सिमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरने कराचीत दाखवून दिले, की तो उंदराच्या अंगावरच्या पिसवांतून येतो. जिवाणूचे नाव कळणे ही अर्धी ओळख. त्याची वाट कळणे ही पुरी ओळख.

रोगाची वाट तोडायची कशी?

हगवण, विषमज्वर, पटकी यांची वाट ठरलेली आहे. विष्ठेतून हात, पाणी किंवा माशी, तिथून तोंड. बाकावर बसल्याने या रोगांची लागण होत नाही. शौचाहून आलेला न धुतलेला हात कडीवर, पेल्यावर, खिचडीच्या ताटात गेला की होते. कावीळ आणि लहान मुलांचे जुलाब यांतले पुष्कळसे विषाणूंमुळे होतात. विषाणू बशीवर उगवतच नाहीत, पण येतात याच वाटेने. म्हणून बशीत काय दिसले यापेक्षा ही वाट तोडणे मोलाचे.

साबण इथे काय करतो? हातावरच्या तेलकट थराला जिवाणू चिकटलेले असतात. नुसत्या पाण्याने तो थर निघत नाही. साबण तो सोडवतो आणि वाहते पाणी घेऊन जाते. म्हणून बोटांच्या बेचक्या, नखे, अंगठा घासत सावकाश वीसपर्यंत मोजावे, मग वाहत्या पाण्याने धुवावे. पोषण आहाराच्या आधी सगळ्या वर्गाने एकाच बादलीत हात बुडवले तर एकाचे सगळ्यांना वाटले जाते. तसेच सगळ्यांनी एकाच टॉवेलला हात पुसणे चुकीचे. हात वाऱ्यावर वाळू द्यावेत.

माठातले पाणी पेला बुडवून काढू नये. लांब दांड्याचे ओगराळे ठेवावे आणि ते माठावरच टांगावे.

टाकीतल्या १००० लिटर पाण्याला ५ ग्रॅम, म्हणजे साधारण चहाचा एक चमचा, चांगली टीसीएल पावडर पुरते. ती आधी बादलीत कालवावी, चुनकट साका खाली बसू द्यावा आणि वरचे निवळलेले पाणी टाकीत ओतावे. अर्धा तास थांबून मगच पाणी प्यावे. पावडरची पिशवी उघडी राहिली किंवा तिला ओल लागली की तिची ताकद जाते. म्हणून गावच्या जलसुरक्षकाकडून ओटी चाचणी करून घ्यावी. नळाच्या पाण्याला पिवळी झाक आली म्हणजे औषध शिल्लक आहे असे समजावे.

मुलांना प्रयोग करायचा असेल तर

गुरुजींच्या किंवा बाईंच्या देखरेखीखाली जरूर करावा. उकळून वाळवलेल्या चार काचेच्या बरण्या घ्याव्यात. प्रत्येकीत उकडलेल्या बटाट्याचा एक काप स्वच्छ चिमट्याने ठेवावा. पहिल्या कापाला न धुतलेले बोट, दुसऱ्याला नुसत्या पाण्याने धुतलेले, तिसऱ्याला साबणाने धुतलेले बोट टेकवावे. चौथ्याला काहीच लावू नये. खताची चाचणी घेताना आपण एक वाफा बिनखताचा ठेवतो ना, तसा हा चौथा काप. झाकणे चिकटपट्टीने बंद करून तीन-चार दिवस पाहावे आणि रोज वहीत टिपण करावे.

मात्र तीन बंधने पाळावीत. बरणी पुन्हा उघडायची नाही, कारण एका जिवाणूचे आता कोट्यवधी झालेले असतात. शौचालय, जखम, नाक, घसा इथले नमुने मुलांनी घ्यायचे नाहीत. आणि काम संपल्यावर मोठ्या माणसाने ब्लीचिंग पावडरच्या दाट द्रावणात बरणी बुडवून आतच उघडावी, ती दिवसभर तशीच राहू द्यावी, मग काप खोल पुरावेत.

हीच नजर शेतात

ही ओळखण्याची विद्या शेतातही कामाला येते. भाताच्या पानाची कड वरून खाली वाळत आली, की तो कडा करपा असू शकतो, आणि तो जिवाणूंमुळे होतो. पानाचा रोगट तुकडा कापून काचेच्या पेल्यातल्या नितळ पाण्यात कापलेली बाजू बुडवून धरा. काही मिनिटांत कापातून दुधट धागा पाण्यात उतरू लागला तर रोग जिवाणूचा. मग बुरशीनाशकावर पैसे घालवण्यात अर्थ नाही. नत्र खताचा पुढचा हप्ता थांबवावा, शक्य असेल तर खाचरातले पाणी काढून द्यावे आणि त्याच खाचराचे पाणी निरोगी खाचरात सोडू नये. शाळेत बशी वाचायला शिकलेली मुलगी उद्या बापाला बांधावर हे सांगू शकेल.

तेव्हा येत्या आठवड्यात एवढे करा. शाळेत जाऊन बाक पुसलेला आहे की नाही हे नंतर पाहा. आधी टाकीचे झाकण पाहा, नळाजवळ साबण आहे का ते पाहा, माठावर ओगराळे आहे का ते पाहा. नसेल तर ग्रामसभेत विचारा आणि वर्गणीने का होईना, साबण आणून ठेवा. साबणाच्या एका वडीला जे पडते, त्याच्या कितीतरी पट एका जुलाबाच्या दुखण्यात दवाखान्याला आणि बुडालेल्या मजुरीला पडते.

पुढच्या आठवड्यात कडधान्याच्या मुळांवरच्या गाठींतल्या जिवाणूंची, म्हणजे आपल्या शेतातल्या बिनपगारी गड्यांची ओळख करून घेऊ. तोवर राम राम.